दोन लिटरमध्ये तीन घराणी

युरोपला निघालेले स्नेही मला एक प्रश्न हमखास विचारतात : येताना वाइन आणायची तर कोणती आणावी? भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्क न भरता आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि अर्ध्या लिटरची एक, असा हिशेब धरला तर एक फेसाळती, एक लाल आणि एक फोर्टिफाइड, म्हणजे द्राक्षांचे स्पिरिट घालून कडक केलेली, अशा तिन्ही वाइन त्यात बसतात. तिन्ही मी जुन्या कौटुंबिक घराण्यांच्याच सुचवतो; कारण चांगल्या वाइनला वर्षानुवर्षे पडून राहावे लागते, आणि तेवढा काळ माल आणि पैसा अडकवून ठेवण्याची तयारी ज्याला धंदा नातवंडांच्या हाती द्यायचा आहे त्याच्याकडे अधिक असते.

फेसाळतीत माझी पसंती फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील एपर्ने गावच्या पोल रोजे यांना आहे. 1849 पासूनच्या या घराण्याची तळघरे फेब्रुवारी 1900 मध्ये खचली आणि सुमारे 15 लाख बाटल्या मातीखाली गेल्या, तरी कुटुंबाने व्यवसाय सोडला नाही. शँपेनचे दुसरे किण्वन बाटलीतच होते आणि यीस्टचा गाळ मागे उरतो. तो बुचापाशी उतरावा म्हणून बाटल्या लाकडी घोडीत तिरप्या खोचून वरचेवर थोड्या थोड्या फिरवतात. बहुतेक ठिकाणी आता हे काम यंत्रे करतात. इथे ते अजून माणसांच्या हातांनी होते. महागड्या विंटेजच्या, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांच्या वाइनच्या, मागे न लागता त्यांची नेहमीची ब्रूत, म्हणजे गोड नसलेली, रिझर्व्ह घ्यावी. तळलेल्या बोंबलांबरोबर किंवा कोथिंबीर वडीबरोबर ती फार छान लागते.

लाल वाइनसाठी टस्कनीतील ब्रोलिओच्या किल्ल्याकडे वळावे. रिकासोली घराण्याकडे तो 1141 पासून आहे. याच घराण्यातील बेत्तीनो रिकासोली इटलीचे पंतप्रधान झाले आणि कियान्ती या तिथल्या लाल वाइनमध्ये कोणती द्राक्षे कशासाठी घालावीत हे त्यांनी 1872 मध्ये एका पत्रात लिहून ठेवले. मधल्या काळात वाइनचा कारभार घराण्याच्या हातून गेला होता. 1993 मध्ये फ्रान्चेस्को रिकासोली यांनी तो परत मिळवला. ब्रोलिओची कियान्ती क्लासिको मुख्यतः सांजोवेझे द्राक्षांची असते, तिचा आंबटपणा मटणाच्या रश्श्यापुढे टिकतो, आणि बाटलीवरच्या काळ्या कोंबड्याच्या खुणेवरून अस्सल कियान्ती क्लासिको ओळखता येते.

फोर्टिफाइड म्हटले की आपल्याकडे गोव्यातली गोड ‘पोर्ट वाइन’ आठवते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द 1756 मध्येच आखली गेली. ती उत्तमच असते, पण आपल्या हवेचा विचार करता मी मडेरा सुचवीन. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या या पोर्तुगीज बेटावर पूर्वेकडे जाणारी जहाजे थांबत आणि वाइनची पिंपे चढवत. उष्ण कटिबंध ओलांडून जी पिंपे न विकता परत आली, त्यांतली वाइन बिघडण्याऐवजी अधिक चांगली झाल्याचे लोकांच्या ध्यानात आले. तेव्हापासून तिथे उष्णता मुद्दाम दिली जाते. 1811 पासून फुंशालमध्ये असलेल्या ब्लँडी घराण्यात उत्तम वाइनची पिंपे माळ्यावर, उन्हाने तापणाऱ्या छपराखाली, वर्षानुवर्षे ठेवतात. पाणी हळूहळू उडून जाते, रंग गडद होतो आणि सुकामेवा, संत्र्याची साल, करपवलेली साखर असे वास जमून येतात. या घराण्याची दहा वर्षे मुरलेली बुआल, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची गोडसर मडेरा, अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. बेबिंकाबरोबर ती अवश्य घेऊन पाहावी. ज्यांना इतकी गोड नको असेल त्यांनी व्हर्देल्यो द्राक्षांची मडेरा घ्यावी.

एकच बाटली आणणे शक्य असेल तर ती मडेराचीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उष्णता आणि हवा या दोन्हींनी होणारे नुकसान तिने आधीच पचवलेले असते, त्यामुळे उघडलेली बाटलीही कित्येक महिने टिकते आणि नागपूरच्या उन्हाळ्याचीही तिला फारशी भीती नसते. शँपेन आणि कियान्ती मात्र गारवा नसलेल्या घरात मार्च उजाडण्यापूर्वीच संपवाव्यात. मडेराची बाटली कपाटात उभीच ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास ही कडक वाइन कालांतराने बूच खाते.