पेंढ्याचं टायर

रतनगडाच्या शिडीपाशी माकडाने माझी केशरी पिशवी पळवली तेव्हा मी हसले होते, हे आधीच सांगून टाकते. माकड कपारीत बसून चिक्कीचा कागद सोलत होतं, खाली रांगेत ताटकळलेली पन्नासेक माणसं मोबाइल वर धरून त्याचं चित्रण करत होती, आणि माझा भाचा विचारत होता, "मावशी, त्यात अजून काय होतं?" मी म्हटलं, "चिक्कीच होती रे, खाऊ दे बिचाऱ्याला." चिक्कीच्या खाली जास्तीची ट्यूब, सोल्यूशन, पॅच आणि टायर उचकटायचे टायर लिव्हर होते. हे मला आठवलं दुपारी साडेतीनला, साम्रद गावाच्या अलीकडे, सायकलीचं मागचं चाक बसल्यावर.

भंडारदऱ्याला आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पोचलो. ठाण्याहून कसारा, घोटी, बारी. गाडीच्या मागे दोन सायकली बांधलेल्या, आणि दर टोलनाक्यावर भाचा उतरून त्याच्याच सायकलीचा पट्टा तपासणार. माझ्या सायकलीला काही झालं तर ती जुनीच आहे, असं त्याचं म्हणणं. तलावाकाठी तंबू सांगून ठेवला होता. पाणी खरंच तंबूपासून वीस पावलांवर होतं. पण तंबूच्या दुसऱ्या बाजूला, दहा पावलांवर, माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते. रात्री साडेअकरापर्यंत झिंग चालू. पलीकडे तलावावर चंद्र आला होता, तो बघायला मान वळवणारी मी आणि कॅम्पवरचं कुत्रं, दोघंच. तक्रार करायला गेले तर तिथला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बाकी सगळे याच्यासाठीच येतात." याला काय उत्तर देणार? कानात कापूस घालून झोपले. एवढ्या किमतीत गावातल्या एखाद्या ओसरीवर दोन रात्री निघाल्या असत्या, आणि पुढच्या वेळी मी तेच करणार आहे, असं मी मागच्या वेळीही म्हटलं होतं.

बेत भाच्याचा होता. तलावाला पूर्ण फेरी मारायची, मध्ये रतनवाडीला सायकली लावून रतनगड करायचा, आणि पुढे साम्रद, घाटघर, उडदावणे करत अंधाराच्या आत तंबूत. सायकलीचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आणि चार हजार दोनशे फुटांवरचा एक किल्ला. त्याचं वय एकोणीस. माझं त्याच्या दुपटीहून जास्त. पण वस्तू कमी आणि नेटक्या कशा भराव्यात यावर मी त्याला आदल्या रात्री अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. "महत्त्वाचं सगळं एकाच पिशवीत, हाताशी." हे माझंच वाक्य. नंतर दिवसभर त्याने मला ते सहा वेळा ऐकवलं.

सकाळी सहाला निघालो तेव्हा तलावावर धुकं इतकं होतं की उजव्या हाताला पाणी आहे हे फक्त गारव्यावरून कळत होतं. मुतखेल, कोलटेंभे. वाटेत भात कापून झालेली खाचरं, त्यात दव पडलेली खुंटं. या भागात सायकल चालवायची तर हाच महिना. पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढणं म्हणजे शिक्षा, आणि काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, तर रात्रीसुद्धा रस्ता हेडलाइटने उजळलेला असतो. मग काजवे काय दिसणार, कपाळ?

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. शिलाहार राजा झंज याच्या नावाशी जोडलेलं, शिळेवर शिळा बसवून उभारलेलं, बाहेरून इतकं कोरीव की डोळा कुठे ठेवावा कळत नाही. शेजारची पुष्करिणी मला देवळाहूनही आवडते. चारही बाजूंना देवकोष्ठं, म्हणजे देवांचे कोनाडे, आणि मध्ये हिरवं, हलत नाही असं पाणी. प्रवरा उगम पावते ती याच गडाच्या कुशीत. पुढे तिच्यावर इंग्रजांनी १९१० मध्ये धरण बांधायला घेतलं, ते पुरं व्हायला १९२६ उजाडलं. गव्हर्नर विल्सनचं नाव दिलं, पण इथे कुणी विल्सन म्हणत नाही, धरणच म्हणतात. ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी. ते खाली जातं, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला. वरच्या गावांत उन्हाळ्यात हंडे घेऊन कोण कुठे जातं, हे मला दुपारी ऐकायला मिळालं.

गड चढायला तीन तास लागले, त्यातला पाऊण तास शिडीखाली. रविवार होता. वरून उतरणारे आणि खालून चढणारे यांच्यात कुणी आधी जायचं यावर दोन ट्रेकिंग ग्रुपांच्या म्होरक्यांची जुंपली होती. माकडांची दिवाळी. माझी पिशवी पाठीच्या सॅकला बाहेरून लटकवलेली होती. हाताशी! वर गणेश दरवाजा, रत्नाबाईची गुहा आणि मग नेढं. त्या आरपार भोकात बसल्यावर वाऱ्याने तोंडातलं वाक्य तोंडातच राहतं. समोर कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, मागे आजोबा. पाच मिनिटं भाचासुद्धा गप्प होता. मग सेल्फीसाठी रांग लागली आणि आम्ही उठलो.

रतनवाडीत पिठलं-भाकरी खाऊन पावणेतीनला सायकलीवर बसलो. साम्रदची वाट जंगलातली, चढउताराची, सावलीची. पाय शिडीवरच संपले होते, पण मन खूश होतं. आणि मग मागून तो आवाज आला. फुस्स. टायर फिरवून पाहिलं तर करवंदीचा काटा, अर्ध्या बोटाएवढा. भाच्याकडे पंप होता. ट्यूब नव्हती, कारण "मावशी घेणार होती." हवा भरायची, शंभर पावलं जायचं, पुन्हा भरायची. तिसऱ्या वेळी हवा भरण्याआधीच जायला लागली. मोबाइलला रेंज नाही. दोन जीपगाड्या गेल्या, दोन्ही भरलेल्या, दोन्हींनी हात हलवून अभिनंदन केलं.

वळणावर एक घर होतं. अंगणातल्या खळ्यावर एक बाबा भाताचा पेंढा रचत होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्याला मळकी टोपी, अंगात गंजीफ्रॉक. आम्ही ढकलत येताना त्यांनी पाहिलं असणार, कारण पहिलाच प्रश्न, "हवा राहीना का?"

मी माकडापासून सगळी कथा सांगितली. ते हसले नाहीत. चाकाशी उकिडवे बसले, टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि आत वळून म्हणाले, "अगं, उलथणं आण. दोन आण."

टायर लिव्हरवर मी आयुष्यात किती पैसे घातलेत ते सांगत नाही. बाबांनी उलथण्याच्या दांड्याने टायरची कड दोन मिनिटांत उचलली. ट्यूब ओढून बाजूला ठेवली. मग मूठभर पेंढा घेतला, त्यावर पाणी शिंपडलं, पीळ देत देत दोरी वळली, अंगठ्याएवढी जाड, आणि ती रिमवर गुंडाळायला लागले. एक फेरा, दुसरा, तिसरा. भाचा म्हणाला, "बाबा, याने चालेल?" बाबा म्हणाले, "चालंल. पळणार नाही."

मग बोलता बोलता कळलं. तरुणपणी ते सायकलीवर हिरड्याची पोती घालून राजूरच्या बाजाराला जायचे. रस्ता मातीचा, काटे हेच, आणि पंक्चर काढणारा शेंडी गावाशिवाय कुठे नाही. "मंग काय करायचं? पोतं टाकून यायचं? पेंढा भरायचा अन् जायचं." मी विचारलं, किती वेळा भरलात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, आजवर किती वेळा जेवलात.

आजींनी कोरा चहा दिला. पाणी मागितलं तर अर्धा तांब्या आला, आणि मी तो एका दमात संपवल्यावर आजी म्हणाल्या, "आता हाय पाणी. चैतात या, मंग दावते." खाली झाडांतून अख्खा तलाव चकाकत होता. मी तांब्या खाली ठेवला तो जरा हळूच.

सगळ्यात अवघड होतं टायरची शेवटची कड आत बसवणं. बाबा, भाचा आणि मी, तिघांचे सहा हात, दोन उलथणी. एकदा बाबांचा अंगठा चेमटला, त्यांनी तो तोंडात घातला आणि पुन्हा लागले. व्हॉल्व्हच्या भोकातून पेंढा बाहेर येत होता, तिथे त्यांनी कापडाची चिंधी कोंबली. तासभर गेला असेल. मी सॅकमधून दोनशे रुपये काढले. हे करू नये हे कळत होतं, पण काहीच न काढणं त्याहून वाईट वाटत होतं. बाबांनी नोटांकडे पाहिलंच नाही. ते जमिनीवर पडलेल्या माझ्या ट्यूबकडे बघत होते.

"ही लागती का तुम्हाला?"

"नाही बाबा. फुटलीय ती."

"मंग ठिवून जा. पट्ट्या निघतील चांगल्या. पाइपाला, बांधाबांधीला."

ट्यूब त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिली, खुंटीला अडकवली, आणि व्यवहार संपला. भाच्याने स्वतःकडची खजुराची पुडी आजींना दिली, ती मात्र त्यांनी घेतली.

साम्रदला सांदण दरीत डोकवायचं ठरलं होतं. ते ठरलेलंच राहिलं. पेंढ्याच्या टायरवर सायकल बैलगाडीसारखी चालते. प्रत्येक खडा माकडहाडाला कळतो, आणि वळणावर मागचा भाग स्वतःचा विचार करतो. घाटघरला सूर्य कोकणात उतरत होता. तिथला वीजप्रकल्प २००८ पासून चालू आहे, २५० मेगावॅटचा. मागणी नसते तेव्हा विजेवर खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. भाच्याने हे समजावून सांगितल्यावर मी म्हटलं, मग आज आपणही तेच केलं, फक्त वीज निघाली नाही.

उडदावण्यानंतर अंधार. भाचा पुढे दिवा लावून, मी त्याच्या उजेडात. तंबूत साडेसातला पोचलो. स्पीकर चालूच होते. त्या रात्री मला एकही गाणं ऐकू आलं नाही.

मंगळवारी सायकल ठाण्यातल्या दुकानात नेली. मेकॅनिकने टायर उघडलं आणि फरशीवर पेंढ्याचा ढीग पडला, त्यात चार-पाच भाताचे दाणे. त्याने व्हॉल्व्हच्या भोकातली चिंधी चिमटीत धरून बाहेर ओढली, उलटसुलट पाहिली. "हात चांगलाय कुणाचातरी," म्हणाला. मग नवी ट्यूब काढता काढता विचारलं, "जुनी कुठाय? एकच भोक असेल तर पॅच मारून दिली असती."

म्हटलं, ती विकली.