लेकरू डोक्यावर पडलं, सीटी काढायचा का?

परवा आमचा चार वर्षांचा भाचा ओट्यावरून पडला, कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं अन् अक्का रडत एकच धरून बसली, आत्ताच्या आत्ता लातूरला नेऊन सीटी स्कॅन काढा. गावातल्या डॉक्टरनी आधी नीट विचारलं, लगेच रडला का, बेशुद्ध झाला का, उलटी, जोराचं डोकं दुखणं, किती उंचावरून. ओटा अडीच फुटाचा, पोरगं लगेच रडलं अन् नंतर बिस्किटही खाल्लं. मग म्हणले स्कॅन नको, चार-सहा तास नजरेसमोर ठेवा.

घरी येऊन वाचलं, 2009 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या 42,412 लेकरांचा अभ्यास छापून आला, डोक्याला मार लागलेल्या कुठल्या लेकराला सीटी लागतो हे ठरवायचा नियम त्यातून निघाला, पेकार्न म्हणतात त्याला, डॉक्टरचे बहुतेक प्रश्न त्यातलेच. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र तीन फुटांच्या वरून पडणंही जास्तच धरतात, अन् कपाळ सोडून डोक्यावर कुठंही सूज आली तरी दाखवायचंच. सीटीत रेडिएशन असतं, लहानपणी त्यानं पुढं कॅन्सरचा धोका थोडा का होईना वाढतो, म्हणून उगाच नको.

पण लेकरू माळवदावरून पडलं, गुंगीत आहे, कानामागं काळंनिळं झालंय, नाका-कानातून पाणी येतंय, तर कुणाचं ऐकत बसू नका, गाडी काढा.