४१७ आणि ८६२

चॉकलेट चाखण्याचे पैसे मिळतात म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "तुमच्याकडे आणखी कुणी हवंय का?" त्याला मी आता खरं काय ते सांगत बसत नाही. सकाळपासून चहा-कॉफी बंद, अत्तर बंद, वासाचा साबणसुद्धा बंद. अकरापर्यंत आठ-दहा कडू तुकडे जिभेवर विरघळवले की दुपारी जेवणाला चव लागत नाही.

तो दिवस घाईचा होता. डार्क बार आणि चॉकलेटचे गोड प्रकार, म्हणजे ट्रफल, कॅरॅमल, चॉकलेटात बुडवलेली संत्र्याची साल वगैरे, सगळ्यांची परीक्षणं एकाच अंकात जायची होती. एरवी आम्ही त्यांना वेगवेगळे दिवस देतो. "एका बैठकीत उरकून टाकू," असं मीच म्हटलं. नमुने मांडणारी आमची सहकारी जरा घुटमळली.

"ताई, सगळं एकदम? जीभ दमेल हो."

"अगं, पंधरा वर्षं हेच करतेय मी."

नमुन्यांवर नाव नसतं, तीन आकडी कोड असतो, आणि तोही कुठलाही. १, २, ३ असे क्रमांक दिले तर माणूस नकळत पहिल्याला झुकतं माप देतो.

४१७ हा दुसरा तुकडा. मोडला तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज आला. कोको बटरचे, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीचे, स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात, त्यातला पाचवा आम्हाला हवा असतो. तो नीट जमला तर चॉकलेट चकाकतं, आवाज करून मोडतं आणि साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेनेच, वितळायला लागतं. हा तसाच होता. जिभेवर ठेवला, चावला नाही. दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग एकदम आंबट, पण पिकलेल्या रासबेरीसारखं, तोंडाला पाणी सुटेल असं. मागोमाग हलकासा कडूपणा, आणि सगळं विरघळून गेल्यावर मनुकांची चव, ती मिनिटभर रेंगाळली. वहीत लिहिलं : "मादागास्करच्या बिया असाव्यात. आंबटपणा जिवंत. साडेआठ."

पुढे आणखी दोन बार झाले, मग गोड प्रकार. समुद्री मीठ घातलेल्या कॅरॅमलचं ट्रफल तर इतकं सुरेख होतं की मी नियम मोडून दुसरं उचललं. (हे गुणपत्रिकेत लिहिलं नाही.) वर कोमट पाण्याचा घोट, बिनमिठाचं बिस्किट, आणि पुन्हा बारकडे वळले.

८६२. मोडला, टक्. चकाकीही चांगली. जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं झालं. आंबटच, पण व्हिनेगरचं. त्यावर तुरट कडूपणा, जिभेवरचा ओलावा पुसून घेतल्यासारखा. मनुकाबिनुका काही नाही.

नुसतं "आवडलं नाही" लिहून थांबले असते तर निभावलं असतं. पण मी कारणं शोधायला गेले. कोकोच्या बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, तेव्हा त्यांत अॅसिटिक आम्ल तयार होतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. वाळवताना, भाजताना आणि काँचिंगमध्ये ते बरंचसं उडून जातं. काँचिंग म्हणजे पातळ गरम चॉकलेट तासन्‌तास घोटत राहणं. १८७९मध्ये रोडोल्फ लिंट यांनी ही युक्ती काढली, तोवर चॉकलेट बरंच खरखरीत असायचं. एवढं सगळं डोक्यात असल्यावर हात कसा थांबणार? मी लिहिलं : "आंबवण्यात गडबड, भाजणी कच्ची, काँचिंगमध्ये हात आखडता. बनवणाऱ्याला धीर नाही. पाच." शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आवडलं होतं मला.

दुपारी कोडची यादी उघडली. सहकारी बराच वेळ काही बोलेना.

"ताई, ४१७ आणि ८६२ एकच आहेत."

"एकाच कंपनीचे?"

"एकाच बारचे. शेजारशेजारचे तुकडे. एक नमुना गुपचूप दोनदा ठेवायचा, हे तुम्हीच सांगितलंयत ना?"

मीच सांगितलं होतं. नव्या लोकांची जीभ कितपत भरवशाची आहे, ते बघायला.

बार खरंच मादागास्करचा होता, ७२ टक्के कोकोचा. म्हणजे साखर पाव हिस्स्याहून थोडीच जास्त, आणि दोन ट्रफलांनंतर तेवढीही माझ्या जिभेला जाणवली नाही. गोडाला सरावलेली जीभ पुढच्या घासातलं गोड वजा करते आणि आंबट-कडू तेवढं पुढे करते. शिवाय तुरटपणा तुकड्यागणिक साठत जातो, पाण्याच्या एका घोटाने तो निघत नाही. म्हणून तर गोड शेवटी ठेवायचं. हे मी शिकवते, पाटीवर लिहून.

"मग छापायचे किती?" तिने विचारलं. "सरासरी पावणेसात येते."

पावणेसातचं चॉकलेट तर मी खाल्लंच नव्हतं. दोन्ही गुण खोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बार पुन्हा मागवला. आधी नुसत्या पाण्यावर खाल्ला. रासबेरी आली, मनुका आल्या, साडेआठ. मग अर्धा तास थांबून मुद्दाम एक कॅरॅमल ट्रफल खाल्लं आणि लगेच तोच बार. आता कोड नव्हता, रॅपर समोर होतं, काय होणार हेही ठाऊक होतं. तरी व्हिनेगरच. मी थांबले, डोळे मिटले, रासबेरी आठवून बघितली. छे.

साडेआठ छापले. खाली ओळ टाकली, की हा बार गोडाआधी खावा, नंतर नाही.

संध्याकाळी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. "व्हिनेगर" हा शब्द अकरा ठिकाणी सापडला, "बनवणाऱ्याला धीर नाही" तीन ठिकाणी. म्हणजे ते वाक्यही त्या दिवशी सुचलेलं नव्हतं. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आहे, टक्केवारी आहे, बियांचा देश आहे, खोलीचं तापमानसुद्धा आहे. त्या तुकड्याआधी मी काय खाल्लं होतं, ते कुठेच नाही.