तुम्ही विचारलंत म्हणून: "पेशंट नको म्हणाला, की सोडून येता?"

मागच्या आठवड्यात एका तालीम मंडळाच्या पोरांना प्रथमोपचार शिकवायला गेले होते. छाती कशी दाबायची ते दाखवून झालं. (कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की आधी दसरा चौकाजवळचा दवाखानाच आठवतो, म्हणून मी सरळ 'छाती दाबणं' म्हणते.) शंका विचारा म्हटल्यावर पहिलाच हात वर आला. "मॅडम, पेशंट नको म्हणाला तर तुमची अ‍ॅम्ब्युलन्स त्याला तिथंच सोडून येते, हे खरं काय?"

हाच प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एका वकिलानं विचारलाय, माझ्या सख्ख्या मामानं विचारलाय. आणि एका बाईनं विचारलाय, जिला उत्तर मागायचा पूर्ण हक्क होता. दरवेळी मी दोन वाक्यांत मिटवते. सज्ञान माणसाची संमती लागते, कायदाच तसा आहे. ऐकणारा मान हलवतो, पण त्याचं समाधान झालेलं नसतं हे मला दिसतं. एकदा नीट लिहावं म्हणून बसलेय.

हो, सोडून येते. अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून मला बरीच वर्षं झाली, आणि माणसाला तिथंच ठेवून रिकामी गाडी घेऊन परत येणं हे या कामात अनेकदा घडतं. फोन केलेला असतो भलत्यानंच. आम्ही पोचेपर्यंत पेशंट उठून बसलेला असतो, कुणी पाणी दिलेलं असतं, कुणी चहा. "काय झालं न्हाई वो मॅडम, जावा तुमी."

अशा वेळी मी काय करावं म्हणता? शुद्धीवर असलेल्या, स्वतःचं नाव-गाव सांगणाऱ्या माणसाला चौघांनी धरून स्ट्रेचरला बांधायचं? त्याला अडवून ठेवणं, त्याच्या अंगाला त्याच्या इच्छेविरुद्ध हात लावणं हा गुन्हा आहे, आणि अंगावर अ‍ॅप्रन आहे म्हणून तो माफ होत नाही. संमती कुणाची लागते हे 2008 साली सुप्रीम कोर्टानं समीरा कोहली यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितलंय. बाई भुलेखाली होती, तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा मोठं ऑपरेशन केलं. कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, जिवावरची घाई नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं, आईची संमती ही तिची संमती नव्हे. त्या निकालाचा शेवटचा भाग आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. घरच्यांनी 'हो' म्हटलेलं चालत नाही, तसं घरच्यांनी 'नको' म्हटलेलंही चालत नाही. मला हे पाठ होतं. तरी मी चुकले, की चुकले नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

2019 साल, महापुराच्या आधीचा जानेवारी. कारखाने जोरात होते. रात्री साडेनऊच्या सुमारास कॉल आला, गगनबावडा रस्त्याला कळ्याच्या अलीकडं मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आपल्याकडं हंगामात हे नवीन नाही. आम्ही पोचलो तेव्हा पेशंट मोरीच्या कठड्यावर बसला होता. तिशीतला, दणकट. डाव्या कानशिलावर टॉवेल दाबून धरलेला. हेल्मेट नव्हतं. तोंडाला दारूचा वास. एकदा उलटी झाली होती, ती दारूनंच झाली असं सगळ्यांचं म्हणणं.

मी तपासलं. नाडी 62, बीपी 150/90, ऑक्सिजन 98. टॉर्च मारला, दोन्ही बाहुल्या सारख्या. नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर सांगितलं. शुद्धीचे 15 पैकी 15 गुण मी फॉर्मवर लिहिले.

त्याच्या एका पायात पायताण नव्हतं. "माझं पायताण कुठाय?" तो म्हणाला. आमच्या पायलटनं, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनं, बॅटरी घेऊन शोधलं, ट्रॉलीच्या चाकाजवळ सापडलं, आणून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते घातलं. अंगठा नीट बसवला, टाच आपटून बघितली.

तीन-चार मिनिटांनी तो परत म्हणाला, "माझं पायताण कुठाय?"

ते त्याच्या पायात होतं. सगळे हसले. "लई झालीया आज," कुणीतरी म्हणालं. मी गाडीच्या पायरीवर बसून फॉर्म भरत होते. मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हटलं, डोक्याला मार आहे, स्कॅन करायला पाहिजे, सीपीआरला जाऊया. तिथून बोलणं त्याच्या हातात राहिलं नाही. ट्रॉली त्याच्याच भावकीतल्या माणसाची होती. दवाखान्यात गेलं की अपघाताची नोंद पोलिसांकडं जाणार, ट्रॉलीवाल्यावर केस, आणि हा पिऊन गाडी चालवत होता म्हणून याच्यावरही. "गावातला मॅटर हाय, गावात मिटवू," चुलतभाऊ म्हणाला. "आमी नेतो घरला." मी पेशंटकडं बघून परत विचारलं. त्यानं चुलतभावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "नको मॅडम. घरला जातो."

मी समजावलं. तोंडदेखलं नाही, खरंच समजावलं. आत रक्तस्राव होत असेल तर आत्ता कळत नाही, रात्रीतून वाढतो, जीव जाऊ शकतो, हे याच शब्दांत सांगितलं. फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं मराठीत पूर्ण नावानं सही केली. साक्षीदार म्हणून चुलतभावानं केली. दर तासाला उठवून बघा, परत उलटी झाली, जास्त झोप यायला लागली, की लगेच 108 ला फोन करा, असंही सांगितलं. ज्यांना सांगितलं ते सगळे तिथून आपापल्या घरी गेले.

पहाटे त्याची बायको त्याला उठवायला गेली तेव्हा तो घोरत होता आणि उठत नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

कानशिलाचं हाड पातळ असतं. ते तडकलं की आतल्या बाजूची रोहिणी (रक्तवाहिनी) फाटू शकते, आणि कवटी व मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. सुरुवातीला माणूस चालतो, बोलतो, सही करतो. हा मधला बरा काळ काही मिनिटांचा असतो, कधी काही तासांचा. मेंदूवर दाब वाढला की नाडी मंदावते आणि बीपी चढतं. तेव्हा 62 आणि 150/90 हे आकडे दणकट माणसाचे म्हणून मी सोडून दिले. तसे ते असूही शकतात. तेच विचारलेलं परत विचारणं ही मात्र मेंदूला धक्का बसल्याची खूण आहे, हे आमच्याकडं पहिल्या वर्गात शिकवतात. आणि हेही शिकवतात, की दारूचा वास आला तरी वागण्यातला बदल दारूनंच झालाय असं धरायचं नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको तिच्या भावाला घेऊन आमची गाडी उभी असते तिथं आली. भांडायला आली असेल असं मला वाटलं, आणि मी आधीच कागद काढून ठेवला. लाज वाटते ते आठवून. तिनं कागद हातात घेतला, सहीवरून बोट फिरवलं. "अक्षर त्यांचंच हाय," म्हणाली. मग विचारलं, "तुमी डॉक्टर न्हवं? तुमास्नी कळाय नको हुतं?"

मी संमतीचं बोलले. ती गप्प ऐकत होती. जाताना भावाला म्हणाली, मला नव्हे, "घरात आल्यापास्नं पायताण पायताण करत हुतं."

तिथंही असंच झालं होतं हे मी तिला सांगितलं नाही. चौकशीत माझा जबाब झाला, त्यात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं, पण पायताणाबद्दल कुणी विचारलं नाही. कागद पूर्ण होता. कागदानं मला वाचवलं.

त्या दिवसांत मी कायदा वाचत बसायची. 2005 चा जेकब मॅथ्यू खटल्याचा निकाल दोनदा वाचला. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा ढोबळ, ठळक असला पाहिजे, साधी चूक किंवा अंदाज चुकणं पुरत नाही, असं कोर्ट म्हणतं. वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून झोप लागली नाही.

मग एक दिवस भारतीय दंड संहितेतलं कलम 90 वाचलं, जे आता न्याय संहितेत कलम 28 झालंय. नशेमुळं किंवा डोकं ठिकाणावर नसल्यामुळं आपण कशाला होकार देतोय हे ज्याला समजत नाही, त्याचा होकार होकारच नाही. तिथं शब्द होकाराचा आहे. पण मग अशा माणसाचा नकार तरी नकार कसा? आणि तेव्हाचं कलम 92, आताचं 30, म्हणतं, की जो संमती द्यायच्या अवस्थेत नाही, ज्याच्या वतीनं ती द्यायला वेळेत कुणी पालक नाही, त्याच्या भल्यासाठी चांगल्या हेतूनं केलेलं काम गुन्हा नाही. सज्ञान माणसाचा चुलतभाऊ हा त्याचा पालक नव्हे. म्हणजे त्या रात्री मला दार उघडं होतं. फक्त 15 पैकी 15 च्या जागी मला 14 लिहावं लागलं असतं. 'गोंधळलेला' असा एक शब्द लिहावा लागला असता.

तेव्हाची मी यावर म्हणते, कायद्यातलं दार उघडं असून काय उपयोग? सहा-सात माणसं आडवी उभी होती, मी आणि पायलट दोघंच. पोलिसांना बोलावलं असतं तर ते येईपर्यंत यांनी त्याला दुचाकीवर घालून नेलं असतं. बरोबर आहे तिचं. पण तिनं बोलावलं नाही, हेही बरोबर आहे. आणि तिनं बोलावलं नाही त्यात दहा वाजले होते, जेवण व्हायचं होतं, फॉर्म पूर्ण झाला होता, याचा काहीच हात नव्हता असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

उलट बाजूही घडलीय. त्यानंतरच्या वर्षी, याच भीतीनं, स्कूटरवरून पडलेल्या एका बाईला मी जवळजवळ धाक घालून नेलं. ती नको नको म्हणत होती, घरात तान्हं मूल होतं, ती पूर्ण शुद्धीत होती. स्कॅन स्वच्छ निघाला. मूल रात्रभर उपाशी रडलं. तिच्या सासऱ्यांनी मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं, कारण तिथं त्यांचंच बरोबर होतं. आणि राधानगरीकडच्या एका आजोबांना मी दोनदा हात जोडून घरातच ठेवून आले. कॅन्सर होता, त्यांना सगळं समजत होतं. "मला हितंच ऱ्हाऊंदे," एवढंच म्हणाले. तिघंही 'नको'च म्हणाले होते. फॉर्म एकच आहे.

आता मी काही गोष्टी वेगळ्या करते. पेशंटला गाडीत घेऊन दार लावते आणि एकटं विचारते, कारण चार माणसांपुढं दिलेलं उत्तर बऱ्याचदा त्या चौघांचं असतं. लक्षात ठेवायला तीन शब्द सांगते, दहा मिनिटांनी परत विचारते. खर्चाची भीती असेल तर सांगते, की 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार केंद्राच्या योजनेतून कॅशलेस मिळतात, ठरलेल्या दवाखान्यांत. मदत करणाऱ्याला पोलीस, कोर्ट मागं लागेल असं वाटत असेल, तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेलं 134 अ हे कलम सांगते. त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. ऐकून काही जण गाडीत बसतात. काही तरीही उतरतात.

आणि दहा मिनिटं हीही फुकट मिळत नाहीत. तुम्ही दुसऱ्या बाजूनं फोन लावून बसलेले असता, तेव्हा मी एका 'नको' म्हणणाऱ्याशी वाद घालत असू शकते. तुम्ही गाडी उशिरा आली म्हणून चिडता, आणि सोडून आलात म्हणूनही चिडता. दोन्ही राग खरे आहेत. पण ते एकाच गाडीवर, एकाच रात्री काढले जातात, एवढं ध्यानात घ्या.

गेल्या महिन्यात परत असाच एक. ट्रॅक्टरवरून पडलेला, डोक्याला खोक, दारू नाही. दार लावून विचारलं, नको. तीन शब्द विचारले, तिन्ही बरोबर. वीस मिनिटं थांबले, परत विचारले, परत बरोबर. तेवढ्यात कंट्रोल रूममधून दुसरा कॉल आला, बाळंतपणाचा. सही घेतली, या वेळी त्याच्या बायकोचा नंबरही घेतला, तिला फोनवर सगळं समजावलं आणि निघाले.

सकाळी फोन केला, उचलला नाही. अकरा वाजता केला, उचलला नाही. दुपारी दोनला तिनं घेतला.

"त्यास्नी? शेताकडं गेल्यात," ती म्हणाली. "का वो मॅडम?"