दादा, दुसरा टाकला!

माझी होंडा सिटी 2001 ची, 1.5 व्हीटेक. 106 बीएचपी. जुन्या कात्रज घाटात ती अजूनही हसत चढते. फक्त गेल्या पावसाळ्यापासून गिअर सापडेनासे झाले. दांडा म्हणजे वरणातली पळी. न्यूट्रललासुद्धा कुठल्या कुठे फिरायचा. एकदा घाटात चौथ्यातून तिसरा टाकायला गेलो आणि लागला पाचवा. मागच्या टेम्पोवाल्याने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निदान केलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला पटेना. गिअर टाकताना कर्रकन आवाज नव्हता, लागलेला सुटत नव्हता. दोष आत असता तर यातलं काहीतरी बहुधा झालं असतं.

रविवारी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली. मी खाली, धाकटा भाऊ आत.

"दादा, दुसरा टाकला!"

"कुठे? इथे काहीच हललं नाही."

दांड्याचं खालचं टोक आधी हलायचं आणि त्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेणारा शिफ्ट रॉड मागाहून, नाइलाजाने. दोघांच्या सांध्यातल्या बुशांचा, म्हणजे खेळ न राहू देणाऱ्या गोल अस्तरांचा, भुगा झालेला. शेजारी आणखी एक रॉड असतो, एक्स्टेन्शन रॉड. त्याच्याकडे कुणी बघतच नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटिंगवर डुलतं. हा रॉड दांड्याची बैठकही त्याच्याबरोबर डुलवतो, म्हणून गिअर ओढला जात नाही. त्याचा गिअरबॉक्सकडचा रबरी बुश फाटून लोंबत होता.

तो नाना पेठेत मिळाला. सांध्याचे मिळेनात, म्हणून भोसरीत लेथवाल्या काकांकडे गेलो. मी जुने बुश पुढे केले तर म्हणाले, "झिजलेल्याचं माप घेऊन काय करता? कॉलर आणा." कॉलर म्हणजे बुशाच्या आत बसणारी धातूची नळी. डेल्रिनचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, दोन बुश कातून दिले. एक्स्टेन्शन रॉडलाही डेल्रिनच घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे मी रबरच ठेवलं. इंजिनाची सगळी थरथर मला तळहातात नको होती.

घाम काढला तो पिनेने. शिफ्ट रॉड गिअरबॉक्सला 8 मिमीच्या पोकळ स्प्रिंग पिनेने अडकवलेला असतो. तिच्या भोकातही खुळखुळ होती, म्हणून रॉड काढायचाच होता. हातोडी फिरवायला जागा नाही, सायलेन्सरचा पाइप आडवा. डब्ल्यूडी-40 मारून रात्रभर ठेवलं. पिन ठोकून काढायचा माझा निमुळता पंच तिच्या पोकळीत घुसला आणि तिचं तोंड फाकवून बसला. म्हणजे आता ती आणखीच घट्ट. परत भोसरी. काकांनी 7.5 मिमीचा सपाट तोंडाचा पंच कातून दिला. चौथ्या ठोक्याला पिन निघाली. मी तसाच पाठीवर पडून हसत होतो.

सगळं जोडलं तर दांडा इतका घट्ट की सोडल्यावर मध्यावर परत येईना. पुन्हा सांधा खोलला, काकांनी बुशातून 0.1 मिमी काढला. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

आता तिसरा जिथे असायला हवा तिथेच असतो. काकांनी पंचाचे पैसे घेतले नाहीत, "काम झालं की आणून द्या" म्हणाले. तो अजून माझ्या डिकीत आहे.