रेकॉर्डवर नक्की कोण वाजवतंय?

रविवार, रात्र

विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात एखाद्या मेटल बँडची माहिती कितपत धड लिहिली आहे, हे बघायला नेपाम डेथ या ब्रिटिश बँडच्या ‘स्कम’ अल्बमसारखी दुसरी कसोटी नाही. १९८७ ची ही रेकॉर्ड. गाणी अठ्ठावीस, पहिल्या बाजूला बारा आणि दुसऱ्या बाजूला सोळा. पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये रेकॉर्ड झाली, तेव्हा निक बुलेन गात होता आणि बेसही तोच वाजवत होता, गिटारवर जस्टिन ब्रॉड्रिक, ड्रम्सवर मिक हॅरिस. दुसरी बाजू मे १९८७ ची. तिथे गायला ली डोरियन, गिटार बिल स्टीअरची, बेस जिम व्हाइटलीचा. हॅरिस तेवढा दोन्हीकडे. एका कव्हरमध्ये जवळजवळ दोन बँड आहेत.

अल्बमच्या पानावर ही नावं बाजूनिहाय दिली असतील तर लिहिणाऱ्याने काम मनापासून केलंय. सहाही नावं एकाखाली एक ओतली असतील तर नव्या ऐकणाऱ्याला वाटणार, दोन गिटारिस्ट एकत्र वाजवतायत आणि दोन गायक आळीपाळीने गातायत.

विकिपीडियावरचा सदस्यांचा रंगीत पट्ट्यांचा आलेख इथे हमखास फसवतो. त्यात अल्बमची उभी रेषा प्रकाशनाच्या तारखेला ओढलेली असते, रेकॉर्डिंगच्या तारखेला नाही. ‘स्कम’ बाजारात आला तेव्हा बुलेन आणि ब्रॉड्रिक दोघेही बँड सोडून गेले होते. आलेखावर भरवसा ठेवला तर पहिली बाजू हॅरिसखेरीज कुणी वाजवलीच नाही असं निघतं! म्हणून आलेख फक्त कोण कधी आला-गेला यासाठी बघावा. कुणी वाजवलं हे अल्बमच्या पानावरच शोधावं, आणि तिथेही रेकॉर्डिंगचा महिना दिलाय का ते आधी पाहावं.

कव्हर हातात असलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. गायक ऑझी ऑसबोर्नच्या ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’च्या (१९८१) कव्हरवर बेसला रूडी सार्झो आणि ड्रम्सला टॉमी ॲल्ड्रिज यांची नावं छापली होती. वाजवलं होतं बॉब डेझली आणि ली कर्सलेक यांनी. २००२ च्या आवृत्तीत या दोघांचे ट्रॅक काढून टाकले आणि रॉबर्ट ट्रुहियो व माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतले. २०११ मध्ये मूळ ट्रॅक परत आले. चांगल्या नोंदीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हव्यात: वाजवलं कुणी, छापलं कुणाचं नाव, आणि कोणत्या आवृत्तीत काय बदललं. २००२ ची प्रत ऐकून कर्सलेकच्या ड्रम्सबद्दल लिहायला बसलात तर तुम्ही बॉर्डिनबद्दल लिहिताय. मला याचा खरंच राग येतो, कारण माणसाचं कामच पुसलं जातं.

या बाबतीत मेटल आर्काइव्ह्ज हे फक्त मेटल बँडची नोंद ठेवणारं संकेतस्थळ पुढे आहे. तिथे प्रत्येक रेकॉर्डला स्वतंत्र पान, त्यावर सदस्य आणि पाहुणे वेगळे, आणि इतर आवृत्त्यांची यादी कॅटलॉग नंबरासकट, म्हणजे लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) त्या आवृत्तीला दिलेल्या क्रमांकासकट. दुरुस्ती करण्याआधी हा नंबर जुळवायची सवय लावून घ्यावी. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला आला, लेबल व्हर्टिगो, नंबर व्हीओ ६. अमेरिकेत तो त्याच वर्षी जूनमध्ये वॉर्नरने काढला, नंबर डब्ल्यूएस १८७१, आणि त्यात ‘ईव्हिल वुमन’च्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ आहे. दोन्ही याद्या बरोबर आहेत. देश न लिहिता एकच यादी दिली की भांडण सुरू होतं, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापलं कव्हर बघून प्रामाणिकपणे भांडत असतात.

जॉनरच्या, म्हणजे संगीतप्रकाराच्या, रकान्यावर फार वेळ घालवू नये. पानाच्या कडेच्या माहितीचौकटीत दोन-तीन मोठे प्रकार संदर्भासह असले की पुरे.

ज्ञानकोशात कुणाला जागा मिळते, हा मात्र मोठा विषय आहे. इंग्रजी विकिपीडियाला बँडबद्दल इतरांनी स्वतंत्रपणे छापलेलं लेखन लागतं, किंवा मोठ्या अथवा नावाजलेल्या लेबलवर दोन अल्बम, किंवा राष्ट्रीय चार्टवर नोंद, अशा कसोट्या आहेत. हेलहॅमर या स्विस बँडने पूर्ण लांबीचा अल्बम कधी काढलाच नाही. १९८३ चे डेमो (नमुना रेकॉर्डिंग) आणि १९८४ चा एक ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड), बस. त्यांचं पान टिकतं, कारण त्यांच्यावर पुढे भरपूर लिहिलं गेलं. ज्यांच्याबद्दल फक्त झेरॉक्स केलेल्या फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या मासिकांत, छापून आलं, ते बँड तिथे गळतात. २००२ पासून चालणाऱ्या मेटल आर्काइव्ह्जवर एखादा डेमोही चालतो, पण संगीत मेटलच असलं पाहिजे, आणि मेटल कशाला म्हणायचं ते तेच ठरवतात. कॉर्न आणि स्लिपनॉट तिथे नाहीत. तिथे नाव नाही म्हणून बँडला कमी लेखू नये.

मेटल आर्काइव्ह्ज लोकांनीच भरलेलं असल्यामुळे विकिपीडिया ते संदर्भ म्हणून धरत नाही, आणि ते योग्यच आहे. धोका आहे तो चक्राकार संदर्भाचा. कुणी तरी पानावर बिनपुराव्याची तारीख टाकतो, एखादं संकेतस्थळ ती उचलतं, आणि मग तेच संकेतस्थळ तारखेखाली संदर्भ म्हणून चिकटवलं जातं. हे पकडायचं असेल तर पानाचा ‘इतिहास’ उघडून ती तारीख पानावर पहिल्यांदा कधी आली ते शोधायचं. संदर्भातला लेख त्यानंतरचा निघाला तर तो पुरावा धरायचा नाही. त्या काळचं मासिक किंवा लेबलची जाहिरात मिळते का बघायचं, नाही मिळाली तर नुसता महिना किंवा वर्ष ठेवायचं आणि चर्चा पानावर कारण लिहायचं. कारण न लिहिता बदल केला की कुणी तरी जुनी तारीख परत टाकतोच.

‘स्कम’ची सहा नावं कुठेही एकत्र दिसली तर करायचं काम सोपं आहे. दोन मथळे, प्रत्येकाखाली रेकॉर्डिंगचा महिना, आणि हॅरिसचं नाव दोन्हीकडे.