सायमनने फ्रँकला वाऱ्यावर सोडले का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या श्रवणसत्रात पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या अमेरिकन गायक जोडीची गाणी ऐकवताना मी जॅक्सन सी. फ्रँक या अमेरिकन लोकगायकाचे नाव घेतले, की कोणीतरी हमखास विचारते: "ज्याची तबकडी सायमनने घडवली, त्यालाच त्याने पुढे वाऱ्यावर सोडले ना?" माझे उत्तर 'नाही' असे आहे, मात्र ते देताना माझा आवाज चढतो, हे मलाही कळते.

या प्रश्नात सायमन बलाढ्य आणि फ्रँक आश्रित असे गृहीत धरलेले असते. 1965 साली लंडनमध्ये चित्र तसे नव्हते. जोडीची पहिली तबकडी आपटल्यामुळे सायमन तिथल्या फोक क्लबांत एकटाच गात होता; उलट अकराव्या वर्षी शाळेच्या आगीत होरपळलेल्या फ्रँकच्या हाती एकविसाव्या वर्षी भरपाईचे लाखाहून अधिक डॉलर आले होते. त्याची गाणी ऐकून सायमनने स्वतः निर्माता व्हायचे ठरवले. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी फ्रँक इतका बुजला की कोणी आपल्याकडे पाहू नये म्हणून त्याने भोवती पडदे उभे करायला लावले. गारफंकल तिथे होता, अल स्ट्यूअर्ट हा गायक एका गाण्यात गिटार वाजवायला आला होता, आणि काही मिनिटे पडद्यांआडून काहीच ऐकू येत नसे, मग एकदम गाणे सुरू होई, अशी आठवण स्ट्यूअर्टने सांगितली आहे. अशा माणसाकडून तीन तासांच्या आत संपूर्ण तबकडी गाऊन घेणे हे उपकाराचे नव्हे, विलक्षण कानाचे आणि धीराचे काम होते. केवळ हितसंबंध पाहणाऱ्याने पडदे मागवण्याऐवजी दुसरा गायक मागवला असता.

त्याच वर्षी अमेरिकेत निर्माता टॉम विल्सनने जोडीला न विचारता 'द साउंड ऑफ सायलेन्स'वर विजेची गिटार आणि ड्रम चढवले. 1966 च्या पहिल्या दिवशी ते गाणे पहिल्या क्रमांकावर होते. सायमन परतला. यात सोडून जाणे कुठे आले, असे मी पूर्वी ठणकावून विचारत असे.

तरीही एक गोष्ट मला छळते. घाईने तयार झालेल्या पुढच्या तबकडीत लंडनच्या त्याच वर्तुळातल्या डेव्ही ग्रॅहमने रचलेल्या गिटारच्या धुनेला जागा मिळाली; फ्रँकचे 'ब्लूज रन द गेम' जोडीने गाऊन ठेवले असूनही बाहेर राहिले आणि थेट 1997 च्या संचात आले. ते तेव्हाच आले असते, तर मधल्या काळात गीतकार म्हणून फ्रँकला त्याचा हिस्सा मिळत राहिला असता. यावर मीच स्वतःला सांगतो की लाखभर डॉलर ज्याच्याकडे टिकले नाहीत, त्याला त्या हिश्शाने कितीसे सावरले असते. आणि लगेच वाटते की हा युक्तिवाद सावकाराला शोभणारा आहे. मनाच्या आजाराने खचलेला फ्रँक 1984 साली सायमनला शोधायला न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या फुटपाथवर राहू लागला. पुढे एका चाहत्याने त्याला शोधून काढले. 1999 मध्ये तो वारला.

पण शोधायला येणारा माणूस भेटलाच नाही, तर न भेटल्याचा दोष कोणावर ठेवायचा? इंग्रज लोकगायक मार्टिन कार्थीचे उदाहरण मला देऊ नका: त्याने बांधलेली 'स्कारबरो फेअर'ची रचना सायमनने श्रेय न देता वापरली, अशी तिथे खरी तक्रार होती, आणि 2000 साली लंडनच्या रंगमंचावर दोघांनी एकत्र गाऊन ती मिटवली. इथे सायमनविरुद्ध फ्रँकची कोणतीही तक्रार माझ्या वाचनात नाही. तक्रार आपण श्रोते त्याच्या वतीने करतो. म्हणून उत्तर अजूनही 'नाही' असेच आहे, फक्त ते वगळलेले गाणे वाजवून झाल्यावर लगेच विचारू नका.